स्थिर

ताई : हा 'स्थिर' शब्द माझ्या अहवालात कुणी घुसडला?

भाऊ : मी. तूच लिहिलं होतंस ना, हिमनदी आता सरकत नाही म्हणून? सरकत नाही म्हणजे स्थिर. अठरा वर्षं पाणीपुरवठा खात्यात मसुदे लिहितोय, ताई.

ताई : आणि दहावीला विज्ञानात काठावर पास झालास. अरे, हिमनदी स्वतःच्या वजनानं सरकते. ही झिजून इतकी पातळ झाली की वजनच उरलं नाही, म्हणून थांबली. आम्ही तिला मृत म्हणतो.

भाऊ : 'मृत' काय, मृत! उद्या साहेब याच कागदावर नव्या वसाहतीचं पाणी मंजूर करणार आहेत. चाळीस हजार माणसं. तुझी सही तेवढी राहिलीय.

ताई : बंद पडलेली गाडीही स्थिरच असते. तिच्यात बसून ऑफिसला येतोस का?

भाऊ : पण तिच्यातून निघणाऱ्या नदीचं पाणी वाढलंय! आकडे पाहिलेत मी.

ताई : पाहिलेस, कळले नाहीत. बर्फ वितळतंय म्हणून वाढलंय. ते संपलं की उन्हाळ्यात पात्रात नुसते दगड.

भाऊ : एका डोंगरावरच्या बर्फाचं केवढं ते कौतुक! जग बुडणार आहे की काय?

ताई : अशा दोन लाखांवर हिमनद्या आहेत जगात, आणि बहुतेक सगळ्या आटतायत. ते पाणी समुद्रात जातं, आणि समुद्र किनाऱ्यावरच्यांच्या घरात शिरतो. इकडे खालच्या शेतांना, शहरांना ऐन उन्हाळ्यात थेंब नाही. आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी तुझ्यासारखा एकेक शहाणा बसलाय, शब्द गुळगुळीत करत.

भाऊ : या जिभेपायीच तुझी बढती अडली. तू नाही केलीस तर तुझ्या हाताखालचा करेल सही.

ताई : करू दे. त्याला कुठे त्या वसाहतीत राहायचंय?

भाऊ : आम्ही घर घेतलंय तिथे. सांगणारच होतो तुला. किती उन्हाळे निघतील गं?

ताई : आठ. फार तर दहा.

भाऊ : आमची छकुली तेव्हा जेमतेम कॉलेजात असेल.

ताई : हो.

(भाऊ कागद आपल्याकडे ओढतो.)

भाऊ : नेमकं काय लिहू?

ताई : बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलातला फॉर्म तूच भरला होतास ना? तोच शब्द.