पट्ट्यावरचं नाव

कोंडीबा — खाली ठिवू का मग? का असंच हातात धरून उभा ऱ्हावू दिवसभर?

ज्योती — ठेवा की मामा. ओसरीवरच ठेवा.

रविंद्र — थांबा, थांबा. तिथं बिस्कीट बांधलंय. दोघं भांडतील.

कोंडीबा — बिस्कीट?

रविंद्र — रागिणीनं नाव ठेवलंय. पोरगी म्हणजे ऐकत नाही. रंग बघा ना त्याचा, बराबर बिस्कीट.

कोंडीबा — बाई, तुमीच निरोप धाडलता ना? मामा, घरात पाळायला पिल्लू बगा म्हनून? म्या मांडीवर घिऊन सवारीच्या जीपमधी बसून आलो. दोनदा धोतर भिजवलं ह्यानं. अन् हितं तर आधीच एक बसलेलं.

ज्योती — मीच धाडला निरोप. ते गुरुवारी आलंय. न मागता. भुजंगरावाच्या वाड्यावरून.

कोंडीबा — आस्सं. तरीच म्हनलं, कारवान दिसून राहिलं.

रविंद्र — एकदम प्युअर. पाय बघा, कंबर बघा, मुठीत मावेल. शहरातले लोक नंबर लावून बसतात ह्याच्यासाठी. आपल्याला घरपोच आलं. तुमचं हे काय आहे?

कोंडीबा — पश्मी.

रविंद्र — फरक काय मग? दोन्ही शिकारीचीच.

कोंडीबा — कारवानचं अंग गुळगुळीत. पश्मीच्या कानाला अन् शेपटीला केस. पळायला दोगं सारखे, सशाला ऐकत न्हाईत. फरक जातीचा न्हाई, रविभाऊ. फरक हाताचा हाय.

रविंद्र — हाताचा म्हणजे?

कोंडीबा — ल्हानपनी ज्याच्या हातची भाकर खाल्ली, कुत्रं त्याचं. मागून तुमी किती बी दूध पाजा. भुजंगराव तीन महिने झाल्याबिगर पिल्लू देत न्हाई कोनाला. सोता चारतो. आधी शीळ घालतो, मंग चारतो. मंग वाटतो. आज गावात एकोनीस दारात त्याचं कारवान हाय. त्याची जीप आली का एकोनीस बी पुढचे पाय पसरून लोळत्यात. घरवाल्यानं हाक मारली तरी मान वळवत न्हाईत.

रविंद्र — चांगलं आहे ना मग. गप राहणारं कुत्रं कुणाला नको? मामा, मला कुत्र्याचं शास्त्र नका सांगू. आज रविवार आहे. चार वाजता जीप येते, सगळी कुत्री पळवायला माळावर नेते. तेव्हा आपल्या दारात त्यांचं पिल्लू दिसलं तर विषय संपला. तुमचं दिसलं तर...

ज्योती — तर काय?

रविंद्र — तुला माहीत नाही का?

ज्योती — तुमीच बोला. एकदा तोंडानं बोला.

रविंद्र — तर त्यांना कळेल आपण पिल्लू नाकारलं. म्हणजे मंगळवारी तू हिंगोलीला जाणार. कोर्टात साक्ष देणार.

ज्योती — जाणारच हाय.

रविंद्र — हळू बोल.

ज्योती — माझ्याच घरात?

रविंद्र — माझं दुकान त्यांच्या गाळ्यात आहे, ज्योती. आपलं घर गावाच्या टोकाला आहे. प्रॅक्टिकल विचार कर जरा. आणि तुम्ही, कोंडीबामामा, वयानं मोठे आहात म्हणून गप होतो. तुमचं पोरगं गेलं, वाईट झालं. पण म्हणून आमच्या घराला काडी लावता का?

कोंडीबा — माझा परमेश्वर जाऊन आठ महिने झाले. काडी म्या लावली न्हाई, भाऊ. म्या बाईला साक्ष द्या म्हनलो का कवा? एकदा तरी? इचारा.

ज्योती — मामा कधीच म्हणाले न्हाईत. माझा जबाब मी दिला. अंगणवाडीच्या दारात मी उभी होते, पोरांना खिचडी वाढून. रेतीचा ट्रॅक्टर आला. परमेश्वर मेंढरं रस्त्यातून काढून राहिला होता. धक्का लागला, तो पडला. इथपर्यंत अपघात, चला. मग ट्रॅक्टर थांबला. शिवहारनं मागं वळून पाहिलं. भुजंगरावाचा लेक, चांगला शिकलेला. पाहिलं, अन् ट्रॅक्टर मागं घेतला. त्याच्या अंगावरून. अकरा लेकरं होती माझ्या पाठीशी. मी म्हणलं, भिंतीकडं तोंड करा. त्यांनी केलं. मी न्हाई केलं.

रविंद्र — गावात तू एकटीनंच पाहिलं का? बाकी कुणाला डोळे नाहीत?

ज्योती — सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांच्या दारात कारवान हाय.

रविंद्र — आपल्याही दारात असलं तर आभाळ कोसळतं का? आणि मामा, ह्या पश्मीची आई कुठं आहे? ती तर लई नावाजलेली होती ना तुमची?

कोंडीबा — व्हती. पोराच्या अंगावरून उठत नव्हती त्या दिशी. ओढून काढली तिला. तवापासून भुजंगरावाची जीप लांब पांदीत असली तरी हिचं भुंकनं सुरू. रोज. मेंढरं सोडून भुंकायची.

रविंद्र — आता कुठं आहे?

कोंडीबा — परवा गेली. सकाळी बगतो तर तोंडाला फेस. पिल्लं अंगाला लुचूनच व्हती. तीन मेली. हे एक उरलं. कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजून राहिलो.

रविंद्र — ऐकलंस? ऐक नीट. भुंकणाऱ्याचं असं होतं ह्या गावात.

ज्योती — ऐकलं. तुमी काय ऐकलं अन् मी काय ऐकलं, त्यात फरक हाय.

कोंडीबा — भाऊ, त्या कारवानच्या गळ्यात चमकून काय राहिलं?

रविंद्र — पितळी पट्टी आहे. नाव कोरलंय.

कोंडीबा — वाचा की. मला अक्षर येत न्हाई.

रविंद्र — रागिणी.

कोंडीबा — नाव तर बिस्कीट म्हनलात.

रविंद्र — कुत्र्याचं बिस्कीटच. हे म्हणजे... लेकीचं कुत्रं म्हणून लेकीचं नाव. कौतुकानं घातलं असेल.

कोंडीबा — म्या साठ वर्सं जनावरात काढली. जनावराच्या गळ्यात दोनच नावं ऱ्हात्यात. एक मालकाचं, न्हाईतर जनावराचं.

ज्योती — मला चार दिवस तेच टोचून राहिलंय, मामा. समन्स बुधवारी आलं. पिल्लू गुरुवारी आलं. पितळेवर असं कोरायला नांदेडला जावं लागतं, दोन-तीन दिवस लागतात. मग कोरायला टाकलं कधी? आमच्या आधी त्यांना कळलं होतं, समन्स निघालंय म्हणून. अन् नाव माझं न्हाई टाकलं. ह्यांचं न्हाई टाकलं.

रविंद्र — तू प्रत्येक गोष्टीत वाकडं बघते.

कोंडीबा — रविभाऊ, एक सांगा. हे आल्यापासून शीळ वाजली का कवा?

ज्योती — काय हो? मामा काय इचारून राहिलेत?

रविंद्र — काही नाही.

ज्योती — माझ्याकडं बघून सांगा.

रविंद्र — काल वाजली. तू कळमनुरीला मीटिंगला गेली होतीस. दुपारी शीळ आली लांबून. पिल्लू दावं तोडून सुटलं. रागिणी मागं पळाली. बिस्कीट, बिस्कीट करत.

ज्योती — कुठपर्यंत?

रविंद्र — हळदीच्या शेतापर्यंत.

ज्योती — कुणाच्या हळदीपर्यंत?

रविंद्र — त्यांच्याच.

ज्योती — हळद माझ्या कमरेच्या वर गेलीय यंदा. रागिणी दिसते का त्यात?

रविंद्र — नाही दिसली. मी लई हाका मारल्या. मग शिवहारच घेऊन आला तिला. खांद्यावर बसवून. हातात चॉकलेट होतं तिच्या, हसत होती. काही झालं नाही, ज्योती. काहीच नाही.

ज्योती — काय म्हणाला तो?

रविंद्र — म्हणाला, भाऊ, लेकरू लई जीव लावून राहिलंय कुत्र्याला. कुत्रं जिकडं जाईल तिकडं जातंय. लक्ष ठेवा.

कोंडीबा — आई गं.

ज्योती — अन् हे तुमी मला सांगितलं न्हाई.

रविंद्र — तू घाबरली असतीस.

ज्योती — न्हाई. मी घाबरणार न्हाई, ह्याचीच तुमाला भीती होती.

रविंद्र — मग काय करू मी? सांग ना! बाप आहे मी तिचा. पावणेचार झालेत. त्या माणसाशी मी भांडू का? कशानं भांडू, झेरॉक्सच्या मशीननं?

कोंडीबा — बाई, म्या जातो. पिल्लू माघारी नेतो. भाऊ बराबर बोलून राहिलेत. माझा तर गेला, तुमचं लेकरू हाय अजून. मंगळवारी न्हाई गेलात तरी म्या काई म्हननार न्हाई. देवाशपथ.

ज्योती — बसा मामा. पिल्लू ठेवा खाली. रागिणी कुठंय?

रविंद्र — आत झोपलीय. तूच तर झोपवली.

ज्योती — तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी घाला. अन् त्या पिल्लाचा पट्टा काढा.

रविंद्र — ज्योती.

ज्योती — त्याचा काही गुन्हा न्हाई. त्याला ज्यानं चारलं त्याच्याकडं जाऊ द्या. पण माझ्या लेकीचं नाव त्याच्या गळ्यात जाणार न्हाई. काढा. का मी काढू?

रविंद्र — थांब. मी काढतो. बक्कल लई घट्ट आहे.

(लांबून जीपचा आवाज, मग शीळ येते. गल्लीभर पायांचा आवाज. भुंकणं एकही नाही.)

कोंडीबा — बगा. सुटले सगळे.

रविंद्र — निघाला पट्टा. गेलं. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही त्यानं. चार दिवस मांडीवर झोपत होतं पोरीच्या.

ज्योती — पट्टा इकडं द्या. मंगळवारच्या पिशवीत राहू द्या.

रविंद्र — उठल्यावर रडेल ती.

ज्योती — रडू द्या. घरात तर रडंल.

कोंडीबा — ए, ए, कुठं चाललास रं? बाई, धरा त्याला. उंबऱ्यावर गेलं.

रविंद्र — अरे, हे भुंकतंय.

कोंडीबा — पयल्यांदाच. आजपोतर कुईकुईच करायचं.

रविंद्र — आख्ख्या गल्लीत एकटंच भुंकून राहिलंय. मामा, आवाज जाईल का तिथपर्यंत? केवढंसं आहे.

कोंडीबा — गेला.

रविंद्र — कशावरून?

कोंडीबा — ऐका की. जीपचं इंजिन बंद झालं.

रविंद्र — ज्योती, दार लावू का?

ज्योती — नका लावू. मामा, ह्याला दूध किती टायमाला द्यायचं?

कोंडीबा — चार टायमाला. थोडं थोडं. अन् बाई...

ज्योती — काय?

कोंडीबा — तुमच्याच हातानं.