मुहूर्ताची बॅटरी

वॉरंटीचं काय सांगता, माझ्या गाडीची बॅटरी कशी बदलून मिळाली ते ऐका. पनवेलच्या शोरूमच्या गेटातच सर्व्हिसवाल्याने बॅटरी तपासायचं मशीन लावलं आणि तो म्हणाला, "मॅडम, बॅटरी ओके आहे. बदलून मिळणार नाही."

म्हटलं, "बरं, निघते." किल्ली फिरवली, तर नुसती टकटक.

माझ्या गाडीने गेट अडलेलं आणि मागे जासईचं एक कुटुंब हार घातलेली नवी गाडी घेऊन बाहेर पडायला थांबलेलं. मुहूर्त टळत चाललेला.

सर्व्हिसवाला म्हणाला, "ढकलून बाजूला घेऊ."

मी हँडब्रेक ओढला आणि किल्ली त्याच्यापुढे धरली. "ढकलायची कशाला? बॅटरी ओके आहे ना? करा चालू."

तेवढ्यात नव्या गाडीतल्या मावशींनी काच खाली केली. "बाला, आमच्या गारीत पन हीच ओके बॅटरी हाय का?"

त्यांच्याच मुहूर्तावर माझी नवी बॅटरी बसली!