हौसाच्या मनगटावरचा दोरा

हॅलो? … कोन? मोठ्यानं बोला, लूम चालू हायेत! … महादू भावोजी? वळ गावच्या पोस्टातनं? … हो, मी ठकूच. मागाच्या कांड्या भरत होते, यूनुसशेठनी हाक मारली. बोला.

… काय? मानकोलीचे पाहुने नको म्हनाले? … का पन? परवा तर हौसाच्या हातचे पोहे खाऊन गेले… हातात काय बघितलं? … ताईत? … बाधा? माझ्या पोरीला?

अहो, ऐका… भावोजी, ऐका तरी! ताईत न्हाय तो. गान्याचा दोरा हाय. उस्ताद शागीर्द करून घेतात ना, तवा बांधतात मनगटाला… न्हाय हो, भूतबित कसलं! रहमतुल्लाचाचांनी बांधलाय, सारंगीवाल्यांनी… हो, मुसलमान. मग यूनुसशेठ कोन हायेत? त्यांच्याच फोनवर बोलताय.

… कुठं म्हंजे? हौसाचं गानं हितंच ऐकलं चाचांनी. मला डबा द्यायला आलेली. लूमच्या खडखडाटात कोनाला ऐकू जातंय, म्हनून गळा मोकळा सोडून गात होती. तेवढ्यात लाईट गेली. सगळे लूम गप्प, आन् ही आपली डोळे मिटून गातेय! चाचा रस्त्यावरनं आत आले. रडत होते, भावोजी. 'बेटी को रोज भेजो' म्हनाले. दोन वर्सं झाली, एक दिवस चुकली न्हाय पोर.

… काय करू? … कापू? … हो, कळलं. दोरा कापला की पाहुने परत येतील. आन् गानं? … लग्नानंतर बंद. हं.

… न्हाय कापायचा.

… न्हाय म्हंजे न्हाय! तुमचा भाऊ गेल्यापासून तुमचा शब्द खाली पडू दिला न्हाय मी. लुगडं कुठलं नेसायचं, तेबी तुमीच ठरवलंत. नेसले. पन हे न्हाय. पोरीचं म्हनावं असं एवढंच हाय तिच्यापाशी.

… मी एकटी पडंन? पडले तर पडले. … कोन कापंल? तुमी? सोता येऊन?

… या की! कात्रीबी आना. पन शुक्रवारी या, त्या दिवशी लूम बंद असतात. आधी बसून तिचं गानं ऐका. मग हात धजला तर कापा… हॅलो? … भावोजी? … हॅलो?

ठेवला.

न्हाय हो यूनुसशेठ, रडत न्हाय मी. शुक्रवारी तुमची खुर्ची तेवढी लागंल. माझे थोरले दीर कात्री घेऊन येनार हायेत.