घाईबाईची मुलाखत

आदरणीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक बाई, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, उत्सवमूर्तीच्या मातोश्री, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सप्रेम नमस्कार.

आमच्या औषध भांडारातली घाईबाई, म्हणजे कायम घाईत असलेली आपली ही पोर, उद्यापासून कामावर येणार नाही. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी ती दोन वर्षं दूर चालली आहे. आनंदाचीच गोष्ट आहे. मला तो होतोय का? अर्धा होतोय.

संस्था निवडताना तिला सल्ल्यांचा काही तोटा नव्हता. भावाने क्रमवारी पाहायला सांगितली, बिलिंगच्या साहेबांनी इमारत. (साहेब, रागावू नका, ती काचेची इमारत खरंच देखणी आहे.) मातोश्रींचं म्हणणं एकच, घराजवळ असावी. शेवटी तिने इथलीच, संध्याकाळच्या वर्गांची संस्था धरली. नोकरीही टिकणार होती. सगळे खूश. सगळ्यांत जास्त खूश कोण होतं? मी. बायको गेल्यापासून दिवसातलं धड असं बोलणं व्हायचं, ते दुपारी हिच्याबरोबर डबा खाताना.

मग एकदा म्हणाली, "काका, प्रवेशाच्या मुलाखतीची तालीम घ्या ना." मी डॉक्टरांचा टाय मागून आणला आणि औषधांच्या खोक्यांमध्ये खुर्ची टाकून बसलो. विचारलं, "शिकून काय करणार?"

बाई सुटल्याच! लांबच्या दवाखान्यांत औषधं का पोचत नाहीत, पोचली तरी वाटेत गरम होऊन वाया का जातात, साठा कुठे ठेवावा, गाड्या कशा फिरवाव्यात... डबे उघडायचे राहून गेले. मी विचारलं, "मग आमच्या संस्थेत यातलं काय शिकवतात?"

ती म्हणाली, "यातलं काहीच नाही. जाहिरात आणि शेअर बाजार. पण काका, घराजवळ आहे ना."

'छान, पास!' एवढंच म्हणायचं होतं मला. अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हणालो, "नापास."

बाईसाहेबांनी अबोला धरला. मग एका दुपारी दुसऱ्याच संस्थेचं माहितीपत्रक माझ्यापुढे आपटलं. क्रमवारीत खालची, घरापासून रात्रभराच्या प्रवासावर. पण साठा, वाहतूक, शीतगृहं, तिला हवं ते सगळं तिथे होतं. "घ्या आता मुलाखत!" घेतली. या खेपेला कुठेच अडली नाही.

शेवटी रीत म्हणून विचारलं, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

म्हणाली, "हो. मी गेल्यावर तुम्ही डबा कुणाबरोबर खाणार?"

मी टाय सोडत म्हणालो, "हे अभ्यासक्रमात नाही."

आज सगळ्यांसमोर उत्तर देतो. एकटाच खाणार, पोरी. आणि ते मला फार जड जाणार आहे. पण तेवढ्यासाठी माघारी वळलीस, तर पुन्हा नापास करीन.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. शब्द पुढेमागे झाले असतील, तर तेवढं पोटात घाला. टाळ्या तिच्यासाठी वाजवा.