मेथी झटकाचं भांडं

हसू नका गा, पण घरी टीव्ही यायच्या आधी मी मेथी झटकाचं भांडं आणलं होतं, दांडा फिरवला की आतली जाळी फिरून पाणी उडवणारं. बायको धुतलेली मेथी पंच्यात बांधून अंगणात गरगर फिरवे, अन् मले शेजाऱ्यांची लाज वाटे. म्हणून प्रदर्शनात तीन भांड्यांचे दांडे फिरवून पाहिले अन् सगळ्यात मजबूत निवडलं.

घरी दांडा फिरवला, मेथी खरंच कोरडी झाली. म्हटलं, "पाहय वं, आता पंचा सुटला."

"बरं झालं," ती म्हणाली. तिनं भांडं धुतलं, पंच्यात बांधलं अन् माझ्या हाती दिलं. "ओलं कसं ठेवू? जा, अंगणात फिरवून आणा."

तिले कधी कोणी हसलं नव्हतं. मले पाहाले आमची अख्खी नंदनवन कॉलनी कुंपणावर आली.