जिथे चित्र नाही, तिथे आमची ही

...आणि वर मलाच विचारतात, "काका, तुम्ही एवढे शिकलेले, मग असं कसं झालं?" अहो, शिकलेला होतो म्हणूनच झालं! साध्या माणसानं तिथे एक फुलाचा फोटो लावला असता आणि मोकळा झाला असता! माझंच चुकत असेल हं, पण आधी ऐकून तर घ्या!

तुम्हाला सांगतो, अडतीस वर्षं मी गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात सगळ्यांच्या पायात पायात येण्यापेक्षा काहीतरी करावं, म्हणून वेबसाइटवर फोटो लावायचं एक टूल बनवायला घेतलं. म्हणजे काय, तर समजा तुमचं दुकान आहे, दवाखाना आहे, वेबसाइटवर टाकायला शंभर फोटो आहेत, एक उभा, एक आडवा, एक डोक्यावर पडलेला... ते या टूलच्या हवाली करायचे, ते सगळ्यांना नीट रांगेत बसवतं, एकावर बोट ठेवलं की तो मोठा होतो, सरकवलं की पुढचा येतो. बस्स, एवढंच! आणि फुकट! याला मला चार वर्षं लागली. हसू नका... माझा प्रबंध अकरा वर्षं चालला होता, त्या मानानं मी धावतच सुटलो म्हणायचं.

मुलगी याच धंद्यात आहे. ती म्हणायची, "बाबा, झालंय ते. प्रसिद्ध करा आता." मी म्हणायचो, "अगं, पण कोणी एकदम नऊ हजार फोटो टाकले तर?" "कोण टाकणार आहे?" "टाकलेच तर?" "बाबा, तुम्ही बाहेर पडताना पाच वेळा कुलूप ओढून बघता ना, तसं चाललंय हे!" आता मला सांगा, कुलूप ओढून बघू नये? पाच वेळा नाही निघालं म्हणून सहाव्यांदा निघणार नाही, हे कुठे सिद्ध झालंय? माझंच चुकत असेल...

तर मूळ मुद्दा फोटोचा. गॅलरीतला एखादा फोटो सापडलाच नाही, फाइल हरवली, नाव चुकलं, तर त्या जागी काय दाखवायचं? शहाणी माणसं एक राखाडी चौकोन दाखवतात. मीही तोच दाखवणार होतो! पण तपासणीपुरतं मला तिथे एक अवघड चित्र हवं होतं. अर्धं उजेडात, अर्धं अंधारात, उभं, आणि मधली वस्तू चौकटीबाहेर धावतेय असं... आणि असा फोटो माझ्याकडे एकच होता. आमच्या हिचा! सकाळी न्हाणीघराच्या दारात, तोंडात ब्रश, हनुवटीपर्यंत फेस, केस चारी दिशांना, आणि तळहात थेट माझ्या अंगावर रोखलेला! मी नवा फोन तपासत होतो हो... उजेडाच्या दृष्टीनं काय चित्र होतं ते!

ते काढून चौकोन बसवायचं, हे माझ्या यादीत लिहिलेलं होतं. चौसष्ट कलमांची यादी! त्रेसष्ट कलमं मी पाच-पाच वेळा तपासली. चौसष्टावं कागदाच्या मागच्या बाजूला होतं.

डोळे मिटून बटण दाबलं. झालं प्रसिद्ध! पहिल्या महिन्यात तेवीसशे वेबसाइट्सनी घेतलं, आणि मी, बहात्तर वर्षांचा घोडा, दर दहा मिनिटांनी आकडा बघत होतो. मग एका घर विकणाऱ्या दलालाचं पत्र आलं. "टूल छान आहे, पण न्हाणीघराच्या फोटोच्या जागी एक बाई दात घासताना दिसतात. गिऱ्हाईक विचारतंय, घर नक्की रिकामं आहे का?"

यादी उलटी केली... कलम चौसष्ट! हिला कसं सांगावं, कुठल्या शब्दांत सांगावं, याचा कच्चा मसुदा लिहीत होतो, तेवढ्यात हिचाच फोन वाजला. ही एकवीस वर्षं एका शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि त्या शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती. रविवारी मोठा समारंभ, ही प्रमुख पाहुणी, आणि पडद्यावर शाळेची नवी वेबसाइट दाखवणार. माजी मुख्याध्यापक सात. शाळेच्या लिपिकानं माझं टूल बसवलं, सातही फोटो भलत्याच ठिकाणी ठेवले, आणि पानावर काय आलं? सातही जागी हीच! ब्रशसकट! फोनवर तिचा जुना विद्यार्थी होता, आता चांगला टक्कल पडलेला वकील, तो म्हणतोय, "बाई, ते पान उघडलं आणि मी उभाच राहिलो! शपथेवर सांगतो, मी काही केलेलं नाही!"

हिनं पान उघडलं. पाहिलं. म्हणाली, "अहो, माझ्या आधीचे सर, त्यांच्याही जागी मीच?"

मी म्हणालो, "अगं, मला सगळ्यात अवघड चित्र हवं होतं..."

"काय म्हणालात?"

"उजेडाच्या दृष्टीनं गं!"

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "एकवीस वर्षं केस विंचरल्याशिवाय मी त्या फाटकातून आत गेले नाही. आता रविवारी कुठल्या तोंडानं जाऊ?" आणि आत गेली, दार लावून घेतलं. दाराबाहेर मी, हातात यादी.

तुम्हाला सांगतो, ज्या माणसाला चार वर्षं लागली, त्यानं वीस मिनिटांत राखाडी चौकोन बसवला, एकदाही न तपासता नवी आवृत्ती सोडली, लिपिकाला फोन केला, तेवीसशे जणांना माफीचं पत्र धाडलं, "कृपया त्या बाईंना काढून टाका." माझंच चुकलं, इथे तर नक्कीच चुकलं!

उत्तरं आली. दलाल लिहितो, "बाई काढू नका हो! राखाडी चौकोन महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. बाई दिसल्या की धावत जाऊन फोटो दुरुस्त करतो." एका दंतवैद्यानं लिहिलं, "आमच्याकडे त्या मुद्दाम ठेवल्या आहेत." दीडशे पत्रं, सगळी अशीच! आता ही पत्रं हिला दाखवायची कोणत्या छातीनं?

रविवारी ही गेली. मी मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर... पळायला बरं. पडदा उजळला. सातही फोटो जागच्या जागी, हिचा व्यवस्थित, विंचरलेला. मी श्वास सोडला, तेवढ्यात मधूनच तो वकील ओरडला, "बाई, तो फोटो कुठाय?" आणि अख्ख्या सभागृहानं एकदम तळहात पुढे केला! चारशे तळहात! व्हरांड्यात पळणाऱ्या पोरांना ही अशीच थांबवायची म्हणे. मला चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे ठाऊक नव्हतं. मी खुर्चीत अंग चोरून बसलो, आणि व्यासपीठावर ही... हसत होती हो! डोळे पुसत हसत होती, आणि तिनंही तळहात दाखवला, तर चारशे माणसं चिडीचूप!

घरी आल्यावर मी पत्रांचं सांगून टाकलं, तर म्हणाली, "ती पत्रं आणा." लाल पेन घेऊन दीडशेच्या दीडशे वाचली, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि परवानगी दिली. लेखी! आता नव्या आवृत्तीत ज्याला जे हवं ते निवडता येतं, राखाडी चौकोन किंवा बाई. चौकोन निवडणारा आजवर एकच निघाला. मी. माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर. घरात एक तळहात आहे तेवढा पुरे, असं आपलं मला वाटलं, माझंच चुकत असेल...

परवा पाहतो तर तिथेही ही! म्हटलं, "अगं, हे कोणी बदललं?"

"मी."

"का?"

"तुमच्या पानावरचा तुमचाच फोटो आठवडाभर लागलेला नाही. तुम्हाला पत्ता आहे?"

तपासलं. पाच वेळा तपासलं. नव्हताच लागला.