एकवीस हात रंग

“सायलस, लेका, दारात उभी राहते ती नुसती लाकडं. माणसाला घरी पोचवते ती गाडी!”

हे बोलला त्याचा बाप. अमेरिकेत, ओहायोतल्या एका गावात घोडागाड्या करायचा. सायलस तेव्हा सात वर्षांचा. ऐकलं, आणि ठेवलं मनाच्या माळ्यावर! आपण तरी काय करतो, मंडळी?

आता सांगा, काम सुंदर व्हावं म्हणून माणसानं थांबावं. पण किती थांबावं?

सायलस मोठा झाला. मोटारींचा जमाना आला. यानं कारखाना काढला, ‘ब्रँडल मोटार’! पितळी दिवे, मखमली गादी, आणि रंग? एकवीस हात! एक हात द्यायचा, आठवडाभर वाळवायचा, घासायचा, की दुसरा. धुळीचा कण बसला? पुन्हा पहिल्यापासून!

चाळीस श्रीमंतांनी गाड्या सांगितल्या. पत्रं येत, “गाडी कुठाय?” सायलस लिही, “वाळतेय!”

अहो, दोन वर्षं वाळतेय! गाडी आहे का कुरडई?

रंगावरी रंग। चढविला फार।
चाक उभे गार। अंगणात॥

एकोणचाळीस गिऱ्हाइकं गेली. उद्या कारखान्याला कुलूप! उरले एकटे पिकेट आजोबा. लेकीच्या लग्नासाठी गाडी सांगितलेली. ते आले नातवाला कडेवर घेऊन!

“ब्रँडल, नातू चालायला लागला. तुमची गाडी कधी चालणार?”

सायलसचा जीव कासावीस. ही निघाली तर एक तरी ब्रँडल रस्त्यावर धावली म्हणायची. नाहीतर बापाचं नाव नुसतं पाटीवर!

“आजच न्या! कालच एकविसावा हात—”

तोवर नातवानं ओल्या दारावर पंजा टेकवला. थप्प! पाच बोटं उमटली!

सायलसनं डोळे मिटले. “गुस्ताव... घासायला घे. पहिल्यापासून.”

गुस्ताव म्हणजे त्याचा म्हातारा रंगारी. दोन वर्षांत ‘हो मालक’ सोडून शब्द नाही. आज त्यानं ब्रश खाली ठेवला.

“मालक, आठव्या हातानंतर फरक मलासुद्धा दिसत नाही. कधीच दिसला नाही.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही गाडीच्या चकचकीत दारात तोंड बघून हसायचात. ते हसू मोडवेना.”

सायलसनं दारावरच्या त्या पाच बोटांकडे पाहिलं. मग स्वतः गाडी सुरू करायचं हँडल फिरवलं. गाडी खोकली, शिंकली, आणि आजोबा-नातवाला घेऊन निघाली! पहिल्याच वळणावर चिखलानं माखली! नातू टाळ्या पिटतोय!

हसताय? कपाटातले पाहुण्यांचे कप काढा आधी! आणि घरच्या माणसाला सांगायचा तो गोड शब्द, ‘बरा दिवस बघून बोलू’ म्हणत किती वर्षं वाळत घातलाय?

इकडे गाडी दिसेनाशी होईपर्यंत सायलस फाटकात उभा होता. मग हळूच म्हणाला,

“गुस्ताव, घरी पोचवते ती गाडी, हे बापानं मला सातव्या वर्षीच सांगितलं होतं रे. मीच कुणाला कळू दिलं नाही.”